विद्यापीठाचं पर्यावरण धोरण लिहायचंय? आधी वीजबिलाची फाईल मागवा

आमच्या विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या पर्यावरण धोरणात, पान चारवर, ‘समुद्रकिनाऱ्याची नियमित स्वच्छता मोहीम’ असं एक कलम होतं. आमचं गाव घाटावरचं, दुष्काळी पट्ट्यातलं. समुद्र बघायचा तर रात्रीची एसटी पकडावी लागते. झालं असं होतं की नॅकची, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, टीम यायच्या तोंडावर कुणीतरी कोकणातल्या एका कॉलेजाचं धोरण मिळवलं, नाव बदललं आणि व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवलं. परिषदेने ते एकमताने मंजूर केलं. पुढे दोन वर्षं ते संकेतस्थळावर होतं, आणि आपला किनारा नेमका कुठाय असं एकानेही विचारलं नाही.

तेव्हा मी वित्त व लेखा विभागात कक्षाधिकारी होते. पुढे सहायक कुलसचिव झाले आणि नव्या पर्यावरण समितीची सदस्य सचिवही. ज्या बैठकीत माझं नाव सुचवलं गेलं त्या दिवशी मी रजेवर होते, यापलीकडे माझी काही पात्रता नव्हती. सहा वर्षं ते काम केलं, मागच्या वर्षी निवृत्त झाले. आता आसपासच्या कॉलेजांतले समन्वयक फोन करतात, “मॅडम, तुमचं धोरण पाठवा ना, वर्डमध्ये.” मी पाठवत नाही. त्याऐवजी हे लिहितेय.

किनाऱ्याचं कलम कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही, कारण त्याच्यावाचून कुणाचंही बिल अडणार नव्हतं. ऑफिसात माणसं तेवढंच वाचतात ज्याच्यामुळे फाईल परत येऊ शकते. तुम्हाला लिहायची आहेत ती असली वाक्यं.

पहिलं काम: तीन वर्षांची बिलं

प्रस्तावना लिहायला बसू नका. १९९० साली फ्रान्समधल्या तालुआर इथे विद्यापीठप्रमुखांनी केलेला जाहीरनामा, १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करण्याविषयी दिलेला आदेश, शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं, हे सगळं आमच्या जुन्या मसुद्यात अडीच पानं होतं. ते खरंच आहे, पण त्याने आपल्या आवारातला एकही नळ बंद होत नाही.

लेखा विभागात जा आणि गेल्या तीन वर्षांची महावितरणची बिलं मागवा. सगळ्या मीटरची. आमच्याकडे ‘एकच उच्चदाब जोडणी आहे’ असं अभियंता विभाग छातीठोक सांगत होता. बिलांच्या फाईलमधून आणखी अकरा छोटी मीटरं निघाली. त्यातलं एक जुन्या अतिथीगृहाचं. ती इमारत धोकादायक म्हणून चार वर्षं कुलुपात होती, आणि आम्ही दर महिन्याला तिचा स्थिर आकार निमूटपणे भरत होतो. त्यातल्या काही प्रमाणकांवर, म्हणजे व्हाउचरांवर, माझीच सही होती, हेही सांगून टाकते.

बिल हातात आलं की खालचा एकूण आकडा सोडा आणि दोन जागा बघा. पहिली, मंजूर मागणी. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डिमांड, एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेणार याचा महावितरणशी असलेला करार. आमची ६०० केव्हीए होती आणि प्रत्यक्ष नोंदलेली मागणी ऐन मे महिन्यातही ३८० च्या वर गेली नव्हती. वापर कमी असला तरी मंजूर मागणीच्या ठरावीक टक्क्यांवर आकार लागतोच. ती कमी करून घ्यायला एक अर्ज आणि पाठपुरावा लागतो, बाकी काही नाही. एकही दिवा न बदलता पैसे वाचतात. वीज वाचत नाही, हेही लक्षात ठेवा. पण समितीने पहिल्याच तिमाहीत पैसे वाचवून दाखवले की वित्त अधिकारी दुसऱ्या बैठकीला स्वतःहून येतात.

दुसरी जागा केव्हीएएचची, म्हणजे युनिटला पॉवर फॅक्टरने (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) भागून येणाऱ्या आकड्याची. १ एप्रिल २०२० पासून राज्यातल्या उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघतं. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर हजार युनिट वापरून साडेबाराशेचे पैसे जातात. यावर उपाय म्हणून सबस्टेशनमध्ये कपॅसिटर असतात, ते सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे: ते कपॅसिटर आपोआप चालू-बंद होणारे नसतील, तर दिवाळीच्या सुट्टीत सगळं आवार बंद असताना ते एकटेच गुरगुरत राहतात आणि पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला बिघडवतात. आमचं नोव्हेंबरचं बिल दरवर्षी अपेक्षेइतकं उतरायचं नाही. ‘वसतिगृहात पोरं हीटर लावतात’ असं कारण फाईलवर होतं. पोरं तर घरी फराळ खात होती.

पायाभूत वर्ष ठरवताना एक खोडी टाळा. २०२०-२१ धरू नका. त्या वर्षी आवार ओस होतं. ते पायाला घेतलंत तर पुढची प्रत्येक बचत वाढ म्हणून दिसेल. आकडा नुसता एकूण न लिहिता दर विद्यार्थी आणि दर वसतिगृहवासी असाही काढा, नाहीतर नवं वसतिगृह सुरू झालं की तुम्ही गुन्हेगार ठरता. कार्बनचा हिशेब मागतीलच, तर आपल्या देशातल्या ग्रिडच्या विजेला दर युनिट साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. गुणाकार करा आणि पुढे चला.

पाण्याचा हिशेब पंपाच्या खोलीत असतो

विजेला मीटर असतं, पाण्याला नसतं. आमच्या आवारात सात बोअर, दोन विहिरी, नगरपालिकेची एक जोडणी आणि उन्हाळ्यात टँकर. किती पाणी वापरतो याचं उत्तर कुलगुरूंपासून शिपायापर्यंत कुणाकडे नव्हतं. ‘पाणी पुरतं’ आणि ‘पाणी पुरत नाही’ एवढी दोनच मोजमापं.

आमच्या पंप ऑपरेटरना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या खोलीत मी नोकरीच्या चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा गेले. भिंतीला खिळा, खिळ्याला सुतळीत ओवलेला कागदांचा गठ्ठा. परीक्षा विभागातून रद्द झालेल्या पुरवण्यांच्या कोऱ्या बाजूवर तात्यांनी नऊ वर्षं रोज लिहिलं होतं: कुठला पंप किती वाजता लावला, किती वाजता बंद केला, टाकी किती भरली. कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, “तात्या, हे तुम्ही कधी दाखवलं का नाही?”

“कुणी मागितलं न्हाई मॅडम. तीन नंबरचं बोअर बघा की, फेब्रुवारीतच धाप टाकतंय. धा मिनिटं चालतंय, वीस मिनिटं थांबतंय. मी तीन वर्षं सांगतोय, ते म्हणतात मोटर बदलू.”

मोटर तीनदा बदलली होती. बोअर आटत होतं. त्या गठ्ठ्यावरून आम्ही तास गुणिले पंपाचा प्रवाह असा पहिला ढोबळ हिशेब मांडला आणि मग प्रत्येक टाकीच्या निघत्या पाइपाला मीटर बसवले. वसतिगृहाला दर माणशी दिवसाला १३५ लिटर हे भारतीय मानकातलं माप आहे, फक्त दिवसा येणाऱ्यांना ४५. मुलांचं एक वसतिगृह २१० वर होतं. तिथली वरची टाकी पहाटे दोन ते चार वाहायची, तरंगता व्हॉल्व्ह सडला होता. व्हॉल्व्हची किंमत टँकरच्या एका खेपेपेक्षा कमी.

तुमच्याकडेही कुणीतरी तात्या असणारच. माळी असेल, रेक्टर बाई असतील, प्रयोगशाळा सहायक असेल. धोरणाच्या समितीत प्राध्यापक घ्याच, पण या माणसाला सदस्य म्हणून घ्या, ‘निमंत्रित’ म्हणून नको. निमंत्रिताला इतिवृत्त जात नाही.

पावसाचं पाणी साठवायचं तर आधी गणित करा. १००० चौरस मीटर गच्ची, ७०० मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के नासाडी धरली तरी ५ लाख ६० हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचे ५६ टँकर. हा आकडा परिषदेपुढे ठेवलात तर ‘जलपुनर्भरणाचे महत्त्व’ या विषयावर कुणालाही व्याख्यान द्यावं लागत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आवारातल्या तलाव-विहिरींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कुठे सहल काढायचीच तर तिथे काढा, आणि अभियंत्यांना सोबत न्या.

आता धोरण लिहा, चार पानांत आणि मराठीत

इंग्रजीतलं धोरण नॅकसाठी लागेल, ते भाषांतर करून घ्या. मूळ मराठीत हवं, कारण ते रेक्टरनी, मेसच्या ठेकेदाराने आणि पंप ऑपरेटरने वाचायचं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे व्यवस्थापन परिषद, अधिसभा, वित्त व लेखा समिती, इमारत व बांधकाम समिती, खरेदी समिती ही सगळी मंडळी आधीच आहेत. नवी ‘हरित टास्क फोर्स’ काढू नका. नव्या समितीला चहाचं लेखाशीर्षही, म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाचं खातंही, नसतं. जुन्या समित्यांच्या कामात आपली वाक्यं घुसवा.

प्रत्येक कलमाला मी चार प्रश्न विचारायचे. हे कुठलं पद करणार? त्याची नोंद कुठल्या वहीत होणार? नाही केलं तर कुठली फाईल थांबणार? आणि अपवाद करायचा झाला तर सही कुणाची? यातल्या एकाचंही उत्तर नसेल तर कलम खोडा. ‘विद्यापीठ ऊर्जाबचतीस प्रोत्साहन देईल’ हे वाक्य या चाळणीतून पडतं. ‘नव्या पंख्यांच्या निविदेत ३५ वॅटची कमाल मर्यादा नसेल तर भांडार विभाग मागणीपत्र परत करील, अपवाद वित्त व लेखा अधिकारी लेखी कारणासह मंजूर करतील’ हे टिकतं. दिसायला रुक्ष आहे, माझीही तक्रार नाही. पदाचं नाव लिहा, माणसाचं नको. आमच्या दुसऱ्या मसुद्यात एका सरांचं नाव होतं आणि ते परिषदेची मंजुरी येईपर्यंत दुसऱ्या विद्यापीठात गेले होते.

अपवादाचं कलम बहुतेक जण विसरतात, किंवा अपवाद लिहिला तर धोरण दुबळं दिसेल म्हणून गाळतात. उलट आहे. अपवादाची वाट नसली की लोक अख्ख्या धोरणालाच बगल देतात, आणि त्याची नोंदही राहत नाही. आमच्या अपवादांच्या वहीत पहिल्या वर्षी सतरा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ दीक्षान्त समारंभाच्या एका आठवड्यातल्या: फ्लेक्स, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलची सजावट. ते पान कुलगुरूंसमोर ठेवलं. पुढच्या वर्षी कापडी फलक आले. बाटल्या मात्र अजून येतात, पाहुण्यांच्या टेबलावर.

खरेदी समितीत काय करायचं

‘सर्वांत कमी दर’ हा नियम तुम्ही बदलू शकणार नाही आणि बदलायला जाऊही नका. ऑडिटवाले आक्षेप काढतील आणि तो आक्षेप तुमच्या निवृत्तिवेतनाच्या फाईलपर्यंत पाठलाग करील. त्यापेक्षा अट तांत्रिक भागात टाका, म्हणजे दराची पाकिटं उघडेपर्यंत चुकीची वस्तू स्पर्धेतच नसते.

पंख्याचंच उदाहरण घ्या. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. फरक ४५ वॅट. दिवसाला आठ तास आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर एका पंख्यामागे ९० युनिट. आपल्या दराने ते किती होतात ते काढा आणि दोन पंख्यांच्या किमतीतला फरक त्याच्याशेजारी लिहा. एवढा एक तक्ता मी मागणीपत्रालाच जोडायला लावला. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, “बाई, हे रिमोटवाले पंखे. रिमोट हरवले की काय करणार?” सगळे हसले. पण प्रश्न बरोबर होता. पहिल्याच सत्रात चाळीसपैकी चौदा रिमोट गेले. दुसऱ्या निविदेत ‘भिंतीवरील बटणावर चालणारे’ ही ओळ आली.

सौरऊर्जेवर फार लिहीत नाही, ती माहिती सगळीकडे मिळते. एक किलोवॅटला सावली न पडणारी साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, एवढं धरून चाला. पण पैसे न गुंतवता कंपनीनेच पॅनल बसवायचे आणि आपण पंचवीस वर्षं वीज घ्यायची असा करार कुणी समोर ठेवला तर सहीआधी दोन कलमं शोधा. गच्ची गळायला लागली तर पॅनल काढून परत बसवायचा खर्च कुणाचा? आणि सुट्टीत आपण वीज वापरली नाही तरी ‘निर्मिती झाली असे मानून’ पैसे द्यायचे का? पंचवीस वर्षांत पाच कुलगुरू होतात. सही करणारा कुणीही गळती बघायला नसतो.

हितसंबंध: एक पानी कागद

‘नैतिक प्रशासन’ हा शब्द ऐकला की लोक व्याख्यानमाला ठेवतात. आम्ही एक छापील पान केलं. प्रत्येक खरेदी बैठकीच्या सुरुवातीला ते फिरतं: ‘आजच्या विषयपत्रिकेतील कोणत्याही पुरवठादाराशी माझा किंवा माझ्या कुटुंबीयांचा संबंध आहे / नाही.’ सही, तारीख.

पहिल्यांदा ते फिरवलं तेव्हा खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. एक सदस्य म्हणाले, “म्हणजे आमच्यावर संशय आहे?” मी म्हटलं, “नाही सर, पहिली सही माझीच आहे.” आणि खरंच होती. माझा चुलतभाऊ स्टेशनरीचा धंदा करतो, ते मी लिहिलं होतं. कागद पुढे सरकला. टँकरच्या विषयापाशी आल्यावर दुसरे एक सदस्य बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “टँकर माझ्या मेहुण्याचा आहे. पण दर त्याचाच कमी आहे, बघून घ्या.”

ते त्या विषयापुरते बाहेर गेले. दर खरंच कमी होता, काम मेहुण्यालाच मिळालं. सगळं इतिवृत्तात आलं. काही जणांना वाटलं मग कागदाचा उपयोग काय झाला? उपयोग मे महिन्यात झाला. टँकरच्या खेपा मोजणारा माणूस त्या सदस्यांच्या विभागातला नसावा, हे आता मला उघडपणे सांगता आलं. खेपा तात्यांनी मोजल्या. आदल्या वर्षापेक्षा एकतृतीयांश कमी भरल्या, पाणी तेवढंच.

हाच नियम हरित ऑडिट करणाऱ्याला लावा. जो ऊर्जा लेखापरीक्षण करतो त्याने किंवा त्याच्या भावाने पुढे तुम्हाला पॅनल, दिवे, कंपोस्ट यंत्र विकायचं नाही, हे नेमणूकपत्रातच लिहा. ऊर्जेसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा प्रमाणित लेखापरीक्षक घ्या आणि अहवालासोबत त्याने प्रत्यक्ष घेतलेल्या मोजमापांच्या मूळ नोंदी मागा. आमच्या पहिल्या ऑडिटचे साहेब अतिथीगृहातून फक्त जेवायला बाहेर पडले होते. प्रमाणपत्र मात्र सोनेरी किनारीचं.

ठेकेदाराची माणसं पर्यावरणात येतात

हा भाग धोरणात घालायला सगळ्यात जास्त विरोध झाला. ‘हा कामगारांचा विषय, पर्यावरणाचा नाही.’ मी हटले नाही, त्याला कारण होतं.

एका दिवाळीच्या सुट्टीत काही देयकं काढायला ऑफिसात आले होते. मुलींच्या वसतिगृहामागून जाताना बघितलं तर मैल्याच्या टाकीचं झाकण उघडं, शेजारी दोर, बांबू, बादली. दोन पोरं, विशीतली. एकाने शर्ट काढून झाडाला अडकवला होता. मी ओरडलेच. काम थांबवलं. अभियंता विभागाला फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, कार्यादेशात मशीनच लिहिलंय.” लिहिलं होतं खरं. मशीनचे पैसेही लावले होते.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात किंवा टाकीत उतरून माणूस दगावला तर भरपाई ३० लाख, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं. त्याआधी २०१४ पासून ती १० लाख होती. हे परिषदेत सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या. मानेने काही होत नाही. आम्ही देयकाची अट बदलली: उपसा गाडीचा क्रमांक, कामाच्या वेळचा फोटो आणि रेक्टरची सही नसेल तर लेखा विभाग देयक स्वीकारणार नाही. तेव्हापासून गाडी येते.

सफाई आणि सुरक्षारक्षकांच्या ठेक्यातही तसंच. देयकासोबत भविष्य निर्वाह निधीचं चलन जोडलेलं असतंच, पण ते चलन आपल्याच माणसांचं आहे का हे बघा. नावांची यादी मागा आणि हजेरीपटाशेजारी ठेवून पेन्सिलने टिचक्या मारा. एका महिन्यात आमच्या चलनात अशी बारा नावं होती जी आवारात कुणी पाहिली नव्हती, आणि रोज सकाळी माझ्या टेबलावरची धूळ पुसणाऱ्या मावशींचं नाव त्यात नव्हतं. त्या सहा वर्षं काम करत होत्या.

भंगाराची खोली आणि बाकी कचरा

प्रत्येक विद्यापीठात एक खोली असते जिची किल्ली कुणाकडे आहे हे कुणी सांगत नाही. आमच्याकडच्या खोलीत काचेच्या पडद्याचे मॉनिटर होते, ढिगाने. कारण ते डेड स्टॉक नोंदवहीत होते, जुनं सामान वहीतून कमी करणाऱ्या निर्लेखन समितीची बैठक होत नव्हती, आणि ज्यांच्या नावावर ते मॉनिटर चढले होते ते दोघे निवृत्त झाले होते. ई-कचरा नियमांप्रमाणे तो माल भंगारवाल्याला विकता येत नाही, नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्प्रक्रिया करणारा यांनाच द्यावा लागतो. म्हणून धोरणात ‘ई-कचऱ्याचे शास्त्रोक्त व्यवस्थापन’ लिहिण्याऐवजी ‘निर्लेखन समितीची बैठक दर जून आणि डिसेंबरमध्ये होईल’ असं लिहा. बाकी आपोआप होतं.

प्रयोगशाळांतली रसायनं आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा कचरा वेगळ्या नियमांत येतो. तो साध्या कचऱ्याच्या गाडीत जात नाही ना, एवढं एका सकाळी सहा वाजता स्वतः उभं राहून बघा. मेसचं खरकटं सात दिवस तोलायला लावा, काटा भाजीवाल्याकडून भाड्याने मिळतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त अन्न जायचं रविवारी रात्री, गावाहून डबे घेऊन पोरं परतायची तेव्हा. त्या रात्री स्वयंपाक कमी करायचा, इतकाच उपाय होता.

झाडांबद्दल एकच. जुलैत किती लावली हे विचारू नका, पुढच्या मे महिन्यात किती जगली ते मोजा, आणि तोच आकडा अहवालात घाला. करंज, कडुनिंब, बहावा, काटेसावर लावा. फोटोत लवकर मोठं दिसतं म्हणून गिरिपुष्पाच्या रांगा लावू नका.

आकडे बाहेर ठेवा, वाईट वर्षाचेसुद्धा

माहिती अधिकाराच्या कायद्यातल्या कलम ४ प्रमाणे बरीच माहिती विद्यापीठाने आपणहून जाहीर करायची असते. त्या पानावरच आम्ही एक तक्ता जोडला: वीज, पाणी, टँकर, कचरा, अपवाद. दर तिमाहीला एक ओळ. तिसऱ्या वर्षी पाण्याचा आकडा चढला. वरून निरोप आला की यंदा ती ओळ गाळा. मी ओळ ठेवली आणि शेजारी कारण लिहिलं: नव्या वसतिगृहाचं बांधकाम, त्याला दिलेलं पाणी वेगळं मोजलेलं नाही. अधिसभेत एका सदस्याने त्यावरच प्रश्न विचारला, बांधकामाला पिण्याचं पाणी का देता? चांगलाच प्रश्न होता. ठेकेदाराला स्वतःचं पाणी आणायची अट पुढच्या निविदेत आली. ओळ गाळली असती तर प्रश्नच आला नसता.

पैशाचं वेळापत्रक विसरू नका. अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेपुढे जातो, पण विभागांचे प्रस्ताव नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच गोळा होतात. जानेवारीत सुचलेली कल्पना वर्षभर थांबते. धोरणाला स्वतःचं लेखाशीर्ष मागा, रक्कम एक लाख असली तरी चालेल. लेखाशीर्ष एकदा उघडलं की ते सहसा बंद होत नाही; तीस वर्षांत मी तीनच बंद झालेली पाहिली.

आणि तुमची बदली किंवा निवृत्ती होणार आहे, हे पहिल्याच दिवशी धरून चाला. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत अपवादांची वही, मीटरांचे क्रमांक, ऑडिटच्या मूळ नोंदी, तात्यांचा गठ्ठा, सगळं एकेक ओळ करून लिहा. मी लिहिलं होतं, नीट, दोन प्रतींत. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. आठ दिवसांनी पर्स झटकली तर तळाशी सबस्टेशनच्या मीटरखोलीची किल्ली. यादीत तेवढी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत गेले. नवे सचिव कुलूप तोडायची परवानगी मागणारी टिपणी लिहीत बसले होते.